कुकडीवरील चक्रवाक

रविवार, ता. ३ मार्च १९०७. जुन्नर.

सकाळी सहा ते साडेसात नदीवर. चक्रवाक अकरा. मागील रविवारीही अकराच. पलीकडच्या काठाजवळ वाळूच्या बेटावर, सर्व पूर्वेकडे तोंड करून बसलेले. धोबी पक्षी चार. तुतवार मोजता आले नाहीत. दुर्बिणीच्या काचेत आतून बुरशी धरली आहे, त्यामुळे प्रत्येक पक्ष्याभोवती एक करडे वलय दिसते.

घरी परतलो तो अक्का ओटीवर घोडेगावचे पत्र हातात धरून उभी. तिला वाचता येत नाही, परंतु माझ्या सासऱ्यांचे अक्षर ती पाकिटावरून ओळखते. दोनदा वाचून दाखविले. मजकूर थोडक्यात असा: सौ.ला जाऊन येत्या चैत्र वद्य षष्ठीस वर्ष होईल; वर्षश्राद्ध उरकताच वैशाखात धाकटी कन्या मथुरा मला द्यावी असा त्यांचा मानस आहे. घर मुलीच्या ओळखीचे आहे, मुलगी घराच्या ओळखीची आहे. उत्तर पाडव्यापर्यंत यावे.

मथीला अकरा वर्षे पुरी झाली. माझ्या लग्नात ती पाळण्यात होती. माझ्यावर टाकलेल्या अक्षतांपैकी काही तिच्या पाळण्यात पडल्या, असे सौ. नेहमी सांगे.

वर दोन ठिकाणी 'सौ.' लिहिले गेले आहे. ती सौभाग्यवती गेली, सबब शास्त्रदृष्ट्या चूक नाही. तसेच राहू देतो.

बुधवार, ता. ६ मार्च.

शाळा. पाचव्या इयत्तेचे निबंध तपासले. सायंकाळी नदीवर जाता आले नाही. पत्रास उत्तर लिहिले नाही.

शनिवार, ता. ९ मार्च.

अर्धी शाळा. दुपारी जेवताना अक्काने विषय काढला. ती वाढीत होती, मी मान खाली घालून जेवीत होतो. तिचे म्हणणे एकच, घर रिकामे आहे, दोन मुले उपजत गेली, वंशाला कोणी नाही, आणि तेहतीस हे काही वय नव्हे.

मी म्हणालो की कॉलेजात असताना वादसभेत याच प्रकारच्या लग्नांविरुद्ध मी अर्धा तास बोललो होतो, आणि अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला होता.

अक्का म्हणाली, "मग त्या अध्यक्षांना सांग येऊन तुझी चूल फुंकायला."

पुढे मी जे बोललो ते बोलावयास नको होते. मी म्हणालो, मथी अकरा वर्षांची आहे, अक्का, तू अकराव्या वर्षी काय होतीस ते आठव. अक्का अकराव्या वर्षी सासरी गेली आणि बाराव्या वर्षी केशवपन करून परत आली. तेव्हापासून ती याच घरात आहे. तिने भाताचे भांडे खाली ठेवले.

"आठवतं," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं नव्हतं. तुला विचारताहेत, विष्णू. एवढा फरक आहे."

ताक न घेता उठलो.

रविवार, ता. १७ मार्च.

सकाळी नदीवर. चक्रवाक नऊ. दोन कमी. हरभऱ्याची शेते निघाली, त्यामुळे पहाटे चरावयास त्यांना पलीकडे जावे लागते. नऊ ही विषम संख्या आहे. एक तरी एकटा असला पाहिजे. परंतु कोणता, हे समजत नाही. दुर्बिणीतून सारखेच दिसतात.

आज सौ.ची वही काढली. तिची हकीकत येथे नोंदवून ठेवणे इष्ट वाटते.

पाच वर्षांपूर्वीच्या प्लेगमध्ये सरकारने गाव खाली करविला तेव्हा आम्ही तीन महिने नदीपलीकडे झोपडीत राहिलो. तेथे ओटी नव्हती, माजघर नव्हते. बायका दिवसभर उघड्यावर वावरत. सौ.ने चक्रवाक प्रथम तेथे पाहिले. ती मला विचारू लागली की ही पाखरे कुठली. मी तिला संस्कृत काव्यांतील वर्णन सांगितले, की हे जोडपे रात्री नदीच्या दोन तीरांवर विभक्त होते व परस्परांना हाका मारीत राहते. ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी पहाटे पाणी आणायला गेले तेव्हा दोघं एकाच तीरावर होती. एकाच बांधावर चरत होती." मी म्हणालो, काव्यातील संकेत आणि सृष्टीतील वस्तुस्थिती या भिन्न गोष्टी आहेत. ती म्हणाली, "मग मी वस्तुस्थिती लिहून ठेवते."

नदीकाठी कागद करणारे इब्राहिमभाई कागदी आहेत. त्यांनी कडा वाकड्या गेलेल्या तावांची एक वही तिला शिवून दिली. तीत दर सालची एक ओळ आहे. प्रथम कधी दिसले, किती, शेवटचे कधी दिसले. अशा चार ओळी.

पहिल्या पानावर तिने मथळा घातला होता, 'शेवटचे दिसले'. मी तो लाल शाईने खोडून वर 'प्रयाण' लिहिले. शाळेतील वह्या तपासताना हात जसा आपोआप चालतो, तसाच. ती त्या वेळी म्हणाली होती, "पण जाताना मी त्यांना पाहिलं नाही. एका सकाळी नव्हती, इतकंच." मी म्हणालो, अर्थ एकच. तिने पुढे वाद घातला नाही. पुढील दोन्ही वर्षी मात्र ओळीत 'शेवटचे दिसले' असेच लिहिले, आणि मी प्रत्येक वेळी—

चौथी ओळ गतसालची. पेन्सिलीने, निजल्या निजल्या लिहिलेली, अक्षर उतरते. 'शेवटचे दिसले, चैत्र शु. ८. नवमीस नाहीत.'

ही नोंद खोटी आहे.

गेल्या चैत्रात तिला ताप होता. रोज सायंकाळी मी शाळेतून आलो की ती विचारी, पाखरे आहेत का. डेप्युटी साहेबांची तपासणी तोंडावर होती; मी नदीवर जात नव्हतो. मी 'आहेत' म्हणे. आठ दिवस 'आहेत' म्हटले. रामनवमीच्या दिवशी तपासणी संपली होती, डोके दुखत होते. तिने विचारले. रोज एका पदरच्या गोष्टीवर तिला झुलवीत ठेवणे मला अप्रामाणिक वाटू लागले होते. आणि पाखरे बहुतेक गेली असतील, असा माझा अंदाज होता. मी म्हणालो, "गेली."

ती म्हणाली, "बरं." वही मागितली, ओळ लिहिली, वही उशाशी ठेवली. त्यानंतर तिने काही विचारले नाही. बारा दिवसांनी—

मी आयुष्यात कोणाशी खोटे बोललो नाही, असे मी मुलांना वर्गात सांगत आलो आहे.

रविवार, ता. २४ मार्च.

आज दिवसभर नदीवर. अक्काला सांगितले होते की दुपारी जेवावयास येणार नाही. तिने दशमी बांधून दिली.

पहाटे पाचला निघालो. लेण्याद्रीच्या वाटेने उतार ओलांडून पलीकडे. अंधूक उजेडात वरून करकोचे गेले. दिसले नाहीत, त्यांचा आवाज तेवढा वायव्येकडे जात राहिला, व बराच वेळ ऐकू आला. उजाडल्यावर बांधावरच्या पळसावर भोरड्या, शेकड्यांनी. फुले व पक्षी मिळून झाड हलत होते. ते एकदम उठून गेले तेव्हा झाड निम्मे उरल्यासारखे दिसले. भोरड्याही आता निघण्याच्या बेतात असाव्यात. ज्वारी झाली आहे, येथे त्यांना खावयास काय उरले.

धोबी दोन. एकाच्या डोक्यावर नवीन काळे पीस चढले आहे. तुतवार सात. पाणी इतके आटले आहे की मधल्या धारेत गुरे उभी होती व त्यांचे गुडघेही बुडत नव्हते.

चक्रवाक पाच.

दोनदा मोजले. सहा वाजता पाच, नऊ वाजता पाच. चार कधी गेले, कोणत्या बाजूस गेले, ते मला दिसले नाही. मी गेले तीन दिवस रोज सकाळी येथे होतो. मनात असे धरले होते की थवा उठेल, एखादी प्रदक्षिणा घालील, उत्तरेस वळेल, आणि मी घड्याळ पाहून वेळ टिपून घेईन. तसे काहीही होत नाही.

अकराच्या सुमारास उन्हामुळे वाळूवरचे पक्षी हलू लागले. दुर्बिणीत पाण्याच्या व त्यांच्या मध्ये फरक राहीना. इब्राहिमभाईंच्या मांडवात जाऊन बसलो. ते गुडघाभर पाण्यात चिंध्यांचा लगदा तुडवीत होते. भिंतीवर ओले ताव चिकटवलेले. त्यांची सून बाजूला शिंपल्याने वाळलेला कागद घोटीत होती. मला पाहून आत गेली.

"मास्तर," ते म्हणाले, "ती नळी लावल्यावर पाखरं जवळ येत्यात, का तुमी लांब जाता?"

मी म्हणालो, पाचच उरली.

"सुर्खाब? पाच न्हाईत. सहा हायेत. एक नर त्या बाभळीखाली बसतो, सावलीला. तुमची नळी तिकडं जातच न्हाई."

मी नळी तिकडे वळविली. होता. नारिंगी अंग, फिके डोके, गळ्याभोवती काळी रेघ. एकटा, बाभळीच्या सावलीत, पाण्याकडे पाठ करून. गेले महिनाभर मी ज्याची बेरीज जमवीत होतो तो.

दशमी दोघांनी खाल्ली. म्हणजे मी माझी खाल्ली व त्यांनी त्यांची भाकर, मध्ये दोन हात अंतर ठेवून. ते सौ.विषयी बोलले. वहीला कागद नेताना ती एकदा अक्काबरोबर मांडवापर्यंत आली होती. कागदाच्या कडा तिला वाकड्याच हव्या होत्या, कापू नका म्हणाली. मग त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो.

"बाईसाहेबांना घाटावर आणलं ना, त्या दिवशी दोन सुर्खाब व्हते इथं. बाकीचे गेल्ते. हे दोन व्हते. धूर वर गेला तशी ती दोन्ही उठली, तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावरनं गेली. वरडत गेली. मी इथनं बघितली."

मी म्हणालो, तसे असते तर मला दिसली असती. मी तेथेच होतो.

"तुमी खाली बघत व्हता, मास्तर."

त्यानंतर ते लगद्याकडे गेले. मी सायंकाळपर्यंत तेथेच बसलो असलो पाहिजे. काय पाहिले त्याची टीप वहीत नाही.

सोमवार, ता. २५ मार्च.

शाळा. चैत्र शु. ८ नव्हे. चैत्र वद्य ६. तेरा दिवसांची चूक.

ज्या बारा दिवसांत ती काही विचारीत नव्हती, त्या बारा दिवसांत ती पाखरे नदीवर होती. गावापासून अर्ध्या कोसावर.

लाल शाई घेऊन बसलो. तिची ओळ दुरुस्त करावयाची तर तिच्या अक्षरावर काट मारावी लागेल. दौतीचे झाकण पुन्हा लावले.

शुक्रवार, ता. २९ मार्च. होळी.

घोडेगावहून दुसरे पत्र. यात एक नवीन गोष्ट आहे. खेडचे एक गृहस्थ, पंचेचाळीस वर्षांचे, दोन लग्ने झालेले, घरी थोरल्या मुलीच मथीहून मोठ्या, यांच्याकडून मथीला मागणी आहे. सासरे लिहितात की त्यांची स्वतःची प्रकृती ठीक राहत नाही, मुलीचे बारावे सरले म्हणजे गावात बोलणे ऐकून घ्यावे लागेल, आणि या दोन स्थळांखेरीज तिसरे स्थळ त्यांच्यापाशी नाही. 'आपण होकार दिल्यास मुलगी तिच्या बहिणीच्या घरी जाईल. न दिल्यास ती कोठे जाईल ते आपणास कळविले आहे.'

मी सकाळी नकाराचे तीन ओळींचे पत्र लिहून ठेवले होते. ते आता पाठविता येत नाही. होकाराचे लिहावयास घेतले, ते अर्ध्यावरच राहिले.

मध्यम मार्ग म्हणून असे सुचवावे की मथीला पुण्यास मुलींच्या शाळेत ठेवावी, मी सोय करतो, तीन-चार वर्षांनी पाहावे. असे लिहिलेही. अक्काला वाचून दाखविले. ती इतकेच म्हणाली, "कोणत्या नात्यानं सोय करणार?" तो कागदही ठेवून दिला.

शेवटी जे पाठविले ते असे: नदीवर पक्ष्यांच्या निरीक्षणाचे एक काम हाती आहे, ते सौ.च्या इच्छेचे आहे; पक्षी गेल्यावर ते संपेल व मग मी आपणांस निश्चित उत्तर देईन.

अक्का म्हणाली, "पाखरांवर ढकललंस होय."

होळीचा धूर आता येथवर येत आहे. खिडकी लावून घेतली.

मंगळवार, ता. २ एप्रिल.

चक्रवाक चार. पहाटे थंडी नव्हती.

वर्गात आज लहान मुलांनी विचारले की पाखरे उत्तरेकडे कोठे जातात. मी हिमालयापलीकडील सरोवरांचे वर्णन केले. एकाने विचारले, तुम्हाला कसं माहीत. मी म्हणालो, पुस्तकात आहे. तो खाली बसला. परंतु त्याचे समाधान झाले नव्हते.

रविवार, ता. ७ एप्रिल.

तीन. जोडपे एक, आणि बाभळीखालचा.

इब्राहिमभाई म्हणाले, तो जाणार नाही, त्याच्या पंखाला काहीतरी झाले आहे, उडताना डावीकडे कलतो. मी विचारले, मग काय होईल. ते म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी न्हाई राहणार. मग बघू."

मी त्यांना विचारले की पाखरे गेली हे त्यांना कसे कळते. त्यांनी प्रश्न समजला नसल्यासारखे पाहिले. "न्हाई कळत," ते म्हणाले. "चार दिस दिसली न्हाईत की म्हणायचं, गेली. पाचव्या दिवशी दिसली की म्हणायचं, व्हती."

शनिवार, ता. १३ एप्रिल. पाडवा.

सकाळी गुढी, पूजा, कडुनिंब. अक्काने तयारी केली, पूजा मला करावी लागली. त्यामुळे आज नदीवर गेलो नाही. काल व परवाही परीक्षांमुळे गेलो नव्हतो. हे लिहून ठेवणे अवश्य आहे, कारण—

दहा वाजता बैलगाडी दाराशी. सासरे उतरले. त्यांच्यामागे मथी. तिला बरोबर आणतील असे पत्रात नव्हते. हिरवी चोळी, सौ.चे एक जुने लुगडे दुमडून नेसविलेले. मी ते ओळखले. अक्कानेही ओळखले, ती लगबगीने आत निघून गेली.

सासरे थकले आहेत. पायऱ्या चढताना दोनदा थांबले. पाणी घेतले, गूळ घेतला, शाळेची चौकशी केली. मुख्य विषय त्यांनी काढला नाही. उद्या परत निघावयाचे आहे, एवढे मात्र दोनदा सांगितले.

मथी ओटीच्या खांबाशी उभी. मी तिला तीन वर्षांत पाहिले नव्हते. उंच झाली आहे. पुढचा एक दात किंचित तिरपा, सौ.सारखाच. मी काही विचारावे म्हणून प्रवास कसा झाला असे विचारले. तिने उत्तर न देता मला विचारले,

"भाऊजी, चक्रवाक आहेत का अजून?"

तोच प्रश्न, त्याच ठिकाणाहून. सौ. आजारी असताना तिची खाट त्या खांबालगत, दाराच्या आत होती.

मी तिला विचारले की तुला कसे ठाऊक. तिने सांगितले की ताई पत्रांतून लिहीत असे. दर साली किती, कधी आले, शेवटचे कधी दिसले. वाचावयास ती त्या पत्रांवरूनच शिकली. गेल्या साली ताईचे पत्र आले नाही, म्हणून गेल्या सालचे तिला माहीत नाही.

'आहेत' असे म्हणणे अगदी सोपे होते. ओठांवर आलेही. बुधवारपर्यंत तीन होते. तीन दिवसांत सगळे जातील असे नाही. आणि 'गेले' म्हणणेही सोपे होते. गेले म्हटले असते तर सासरे तेथेच बसले होते.

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. तीन दिवस मी पाहिलेले नाही."

ती म्हणाली, "मग उद्या पाहू या?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले.

रविवार, ता. १४ एप्रिल.

पहाटे तिघे नदीवर. मथी, अक्का व मी. अक्का आंघोळीच्या निमित्ताने आली आणि पाण्यापासून दूरच बसून राहिली. मुलगी एकटीने माझ्याबरोबर येऊ नये म्हणून ती आली होती, हे आम्हा तिघांनाही समजत होते.

मथीने नळी घेतली, डोळ्याला लावली, पुन्हा माझ्या हातात दिली. म्हणाली, यात धूर आहे. मग तिने हाताचा पंजा कपाळावर धरला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहू लागली. मी नळीने बेट तपासले. काही नव्हते. वरचा डोह, खालचा डोह. काही नव्हते. मी म्हणणार होतो—

"दोन," मथी म्हणाली. "तिथं, हरभऱ्याच्या बांधावर. चरताहेत. आणि एक त्या झाडाखाली."

बांध नदीच्या अलीकडच्या काठाला होता. नळी मी पलीकडे धरली होती.

आम्ही तासभर होतो. दोघे चरत चरत पाण्यापाशी आले, प्यायले, तेथेच बसले. इब्राहिमभाई आले, तिला पाहून थबकले, मग अक्काला म्हणाले, "बाईसाहेबांची धाकटी व्हय? आमाला आधी त्याच वाटल्या." अक्काने मान हलविली. तिने पदराने तोंड झाकले होते.

परत येताना मथीने सौ.ची वही पाहावयास मागितली. घरी आल्यावर दिली. तिने पहिले पान बराच वेळ पाहिले.

"हे लाल शाईनं कुणी लिहिलंय?"

"मी."

"ताईचं चुकलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं होतं."

तिने पाने उलटली. चौथी ओळ वाचली. ती ओळ खोटी आहे हे मी तिला तेव्हाच सांगावयास हवे होते. सांगितले. सगळे नाही, तारीख चुकीची आहे, मी न पाहता सांगितली होती, एवढे. तिने वही मिटून दोन्ही हातांत धरून ठेवली.

दुपारी जेवणे झाल्यावर सासऱ्यांनी विषय काढला. गाडी दोन वाजता जोडावयाची होती. ते म्हणाले, "विष्णुपंत, पक्षी गेल्यावर उत्तर देईन असे आपण लिहिलेत. मी वाट पाहिली. खेडच्या मंडळींना मला या आठवड्यात कळवायचे आहे. मग काय ठरले?"

माझ्या खिशात होळीच्या दिवशीचे तिन्ही कागद होते. नकाराचा, शाळेचा आणि तिसरा अर्धवट. खिशात हातही घातला. अक्का दारात उभी होती. मथी आत होती, पण तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

मी म्हणालो, "चक्रवाक अद्याप आहेत. आज सकाळी तीन होते."

सासरे पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तसेच पाहिले असते. शेवटी ते म्हणाले, "माझ्याच्याने आज गाडीत बसवत नाही. चार दिवस राहतो. तोवर तुमचे पक्षी काय करतात ते पाहू." आणि आडवे झाले.

गाडीवाल्याला परत पाठविले.

सायंकाळी मी ओटीवर लिहावयास बसलो तेव्हा मथी दिवा घेऊन आली. दिवा ठेवून गेली नाही. तिने सर्व ऐकले होते.

"भाऊजी, उद्या पहाटे तुम्ही जाणार ना पाहायला?"

"जाईन."

"मी आले नाही तरी?"

"तरी जाईन."

तिने दिव्याची वात पुढे सारली. मग अगदी हलक्या आवाजात, जसे कोणी वर्गात दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून विचारतो तसे, तिने विचारले, "आणि नसले तर आबांना काय सांगाल?"

मी वही उघडली. ती आत गेली.

वही माझ्यापुढे उघडी आहे. पाचवी ओळ घातली आहे. प्रथम कधी दिसले ते यंदा माझ्या हातून निसटले, सबब तो रकाना रिकामा. संख्या, अकरा. शेवटचे दिसले, चैत्र शु. २, तीन, ही तारीख तूर्त पेन्सिलीने लिहिली आहे. मथळा तिचाच ठेवला. माझ्या लाल शाईखाली तो अजून वाचता येतो.

उद्या पहाटे बांधावर कोणी नसले तर मी घरी येऊन—